गाडी डावीकडे ओढते, टायर खाते आणि मशीन म्हणते सगळं ग्रीन

आमचा पाण्याच्या कॅनचा धंदा आहे. नागपुरात नंदनवनला छोटा प्लांट आणि एक ईको व्हॅन, जिच्या मागच्या सीटा काढून टाकल्या. सकाळी साडेपाचला भरून निघते, मेडिकल चौक, मानेवाडा, बेसा, मनीषनगर करत दुपारी परत, लग्नसराईत तर दिवसाच्या चार चार चकरा. एक कॅन म्हणजे २० लिटर, म्हणजे नुसतं पाणीच २० किलो, चिल्डवाला जार असला तर त्याचं स्वतःचं वजन वेगळं, तुम्हीच गुणाकार करा. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढं या वजनाचा संबंध येणार आहे आणि मला तो फार उशिरा समजला.

गाडी ओढते हे पहिले आमच्या ड्रायव्हर पोट्ट्याला समजलं. फेब्रुवारीत केव्हातरी म्हणाला, "दादा, गाडी डावीकडे पळून राहिली." मी म्हटलं रोडच तसे आहेत. हे अर्धं खरंही आहे, पाणी वाहून जावं म्हणून रोडला कडेकडे उतार ठेवलेला असतो, आपण डाव्या बाजूनं चालतो, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा हात सोडला तर हळूहळू डावीकडेच जाते. पण हळूहळू. ही तर कोणीतरी दोरी बांधून ओढल्यासारखी जायची. त्यानं अजून दोनदा सांगितलं, मी दोनदा हो हो म्हटलं. आणि एक गोष्ट तो सांगायचा की ब्रेक मारला की खाली टक् वाजते, त्यावर माझं ठरलेलं उत्तर होतं की कॅन एकमेकांवर आपटून राहिले असतील बे.

मार्चात मानेवाडा रोडवर डावं समोरचं चाक बसलं. पंचरवाल्यानं चाक खोललं, आडवं केलं आणि मला आवाज दिला. बाहेरच्या बाजूनं टायर मस्त, नक्षी जशीच्या तशी. आतल्या कडेला नक्षी तर सोडा, रबर संपून तार दिसून राहिली होती, पूर्ण गोलाकार, चार बोटांची पट्टी. तो म्हणे, "भाऊ, पंचर काय काढू याचं, हे टायर मेलं." खरं सांगतो, गाडी रोज धुतो, रोज टायरवर पाणी मारतो, पण स्टेअरिंग सरळ असताना आतली कड दिसतच नाही. ती पाहायची तर स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून खाली वाकावं लागते, आणि कॅन भरायच्या घाईत कोण वाकते. टायरच्या खाचेत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे, नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानंही बाद. माझ्या टायरच्या बाहेरच्या खाचेत ते उंचवटे खोल होते आणि आतल्या बाजूला खाचच नव्हती तर उंचवटे कुठून दिसणार.

आता मी जे केलं ते आपण सगळेच करतो. सरळ टायरच्या दुकानात, समोरचे दोन नवीन टायर, अलाइनमेंट (मशीन लावून चाकांची दिशा जुळवणं), बॅलन्सिंग, साडेसात हजार खल्लास. (बॅलन्सिंगचा गाडी ओढण्याशी काही संबंध नाही, ते स्टेअरिंग थरथरत असेल तर लागते, पण नवीन टायरसोबत करावंच लागते.) पोरानं मशीनची प्रिंट हातात दिली, सगळे आकडे हिरव्या खान्यात. मी ती प्रिंट घडी करून डॅशबोर्डमध्ये ठेवली जशी काय डिग्री मिळाली. गाडी सरळ चालली सुद्धा, आठ-दहा दिवस. मग परत दोरी. आणि एप्रिलच्या शेवटी, जेमतेम चार हजार किलोमीटर झाले असतील, मी सहज हात फिरवला तर नवीन टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा स्पष्ट खाली गेलेली.

दुसऱ्या दुकानात गेलो. तिथंही मशीनवर टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती ते, थोडा हलवला, ग्रीन केलं आणि म्हणे आता कॅम्बरचा, म्हणजे चाक वरून आत-बाहेर झुकण्याचा, प्रॉब्लेम आहे. या गाडीत कॅम्बर सेट करायला बोल्टच नाही, टो तेवढा टाय रॉडवरून (स्टेअरिंग आणि चाक जोडणारा दांडा) सेट होते, कॅम्बर आणि कास्टर (चाकाच्या आधाराचा पुढं-मागं कल) जे आहे ते आहे. त्यावर त्याचा इलाज असा की हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट, म्हणजे चाकावरचा शॉकअपचा खांब, ओढून वाकवून देतो, पाचशे रुपये. मला काही फार कळत नव्हतं पण चांगला लोखंडी भाग जॅक लावून वाकवायचा हे ऐकूनच पोटात गोळा आला. मोठ्या भावाला फोन केला, तो म्हणे गाडी घेऊन निघ तिथून, काकांकडे जा.

काका म्हणजे आमच्या बाबांच्या वेळचे मिस्त्री. सक्करदऱ्याकडे टिनाच्या शेडमध्ये बसतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दिसते कमी, म्हणून हातानंच पाहतात. गाडी लावली, त्यांनी बोनेट नाही, इंजिन नाही, खाली बसून टायरवर तळहात फिरवला. आतून बाहेर, मग बाहेरून आत. मग माझा हात धरून फिरवला. आतून बाहेर नेला तर गुळगुळीत, बाहेरून आत आणला की प्रत्येक पट्टीच्या कडेला करवतीसारखे बारीक दात लागत होते. म्हणे, "चाकाचं तोंड बाहेर फाकलेलं राहते. कॅम्बर नाही हा. कॅम्बरनं टायर तिरपं झिजते, पण असं दातं नाही येत. मशीननं काय सांगतलं?"

मी म्हटलं ग्रीन.

"मंग टायर कोनं खाल्लं, उंदरानं?"

मग विचारलं की रोटेशन केलं का. मी अभिमानानं सांगितलं, हो, मधे एकदा डावं टायर उजवीकडे आणि मागचं समोर करून पाहिलं होतं, परत जागेवर आणलं. त्यांनी कपाळाला हात लावला. टायरची झीज म्हणजे पुरावा असतो, कोणत्या चाकावर कसं झिजलं ते पाहूनच सांगता येते, आणि मी पुराव्याची जागा बदलून आलो होतो. नशीब की डावं पुढचं बरंचसं तिथंच चाललं होतं.

पुढचे तीन दिवस त्यांनी गाडीला पान्हा लावला नाही, नुसते प्रश्न. सारखी ओढते का ब्रेकवर जास्त? रिकामी असताना का भरलेली असताना? मला एकाचंही उत्तर नीट देता आलं नाही, ड्रायव्हरला सगळी आली. ब्रेकवर जास्त, भरलेली असताना जास्त, आणि टक्.

पहिले हवा. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघायच्या आधी, स्वतःच्या गेजनं. डावं २६, उजवं ३३. इथं मला एक शिवी बसली कारण हे माझंच काम होतं. आमच्याकडे नागपूरला एक समज आहे की उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाही तर टायर फुटते. मे महिन्यात दुपारी पंपावर गेलं तर टायर तापलेलं असते, दर ५-६ डिग्रीला साधारण एक पीएसआय वाढते, गेज जास्त दाखवते, पोरगा हवा सोडते, आणि रात्री थंड झालं की टायर पार कमी हवेवर. कमी हवेचं टायर जास्त दबते, जास्त तापते आणि फुटायला तेच कारण होते. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असते त्यावर आकडे लिहिलेले, वजन असताना मागचा आकडा वेगळा. दोन्ही बाजू सारख्या केल्या तर ओढणं थोडं कमी झालं, गेलं नाही.

मग समोरची दोन टायरं डावी-उजवी बदलली, यावेळी काकांच्या सांगण्यावरून आणि खडूनं खुणा करून. हिशेब असा की टायरमध्येच दोष असेल तर ओढ उजवीकडे जाईल. (टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका, आमच्या टायरवर नव्हता.) टेस्टला मिहानकडच्या रुंद मोकळ्या रोडवर नेलं, पहाटे. एकदा आपल्या बाजूनं, आणि एकदा रोडच्या अगदी मध्यातून, जिथं उतार नाही. ओढ डावीकडेच, पण आधीपेक्षा कमी. म्हणजे टायरचा थोडा हात होता कारण ते खाऊन तिरपं झालं होतं, पण मूळ चोर दुसराच.

आता ब्रेकची मजा. काका म्हणाले पाच-सहा किलोमीटर जा, ब्रेक शक्यतो मारू नको, एक्सलरेटर सोडून गाडी आपोआप थांबू दे, मग दोन्ही चाकांची गरमी पाहा. मी हुशारी केली, २०२० मधली कोरोनाची टेम्परेचर गन घरी पडली होती ती नेली. तिनं डाव्या चाकावर "हाय" दाखवलं. मी खूश. उजव्या चाकावर पण "हाय". मग भिंतीवर धरली, "हाय". माझ्या चपलेवर, "हाय". ती गन माणसाच्या तापासाठी, ४३ च्या वर तिला मोजताच येत नाही, आणि नागपुरात मे महिन्यात चप्पलसुद्धा ४३ च्या वर असते. ड्रायव्हर हसून हसून खाली बसला. काकांनी कॅनमधलं पाणी ओंजळीत घेऊन दोन्ही डिस्कवर दोन दोन थेंब शिंपडले. उजवीकडे थेंब ओघळला. डावीकडे चर्र झालं आणि गायब.

खोललं तर डाव्या कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) दोन स्लाइड पिनांपैकी, ज्यांवर तो सरकतो, एक गंजून जाम. तिच्यावरचं रबरी बूट फाटलेलं, आत पाणी-चिखल गेला. पॅड पाहिले तर आतला पार संपत आलेला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक, म्हणजे कॅलिपर सरकतच नव्हतं, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटून घासत राहायचा. म्हणजे डावं चाक चोवीस तास थोडं ब्रेक लावूनच चाललं होतं. पिना घासून साफ केल्या, नवीन बूट टाकले, ग्रीस मात्र ब्रेकचंच वेगळं येते ते, साधं बेअरिंगचं ग्रीस टाकलं तर रबर फुगते आणि पिन परत जाम होते. पॅड दोन्ही चाकांचे बदलले, एका बाजूचे बदलले असते तर नव्यानं ओढायला लागली असती.

गाडी चालवली. सरळ! मी म्हटलं झालं काका, किती देऊ. काका म्हणे ब्रेक मार. ब्रेक मारला, टक्, आणि डावीकडे.

जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं, बॉल जॉइंट आणि बेअरिंग ठीक. डावी-उजवी बाजू धरून हलवलं, टाय रॉड एंड ठीक. सगळं घट्ट. मी परत म्हटलं कॅनच वाजत असतील. मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही भारी वाटते. मला शेडच्या बाहेर गल्लीत उकिडवं बसवलं, मोबाइल स्लो मोशनवर, कॅमेरा डाव्या चाकाच्या कमानीवर, ड्रायव्हरला सांगितलं चालायच्या स्पीडनं ये आणि माझ्यासमोर कचकन ब्रेक मार. तीन वेळा केलं. मग उजव्या बाजूनं तीन वेळा. व्हिडिओ पाहिला तर उजवं चाक ब्रेकवर जागच्या जागी थांबते. डावं चाक आधी थांबते आणि मग संपूर्ण चाकच कमानीत अर्धं बोट मागं सरकते, सरकताना तोंड जरासं बाहेर फाकवते, आणि ब्रेक सोडला की गुपचूप परत आपल्या जागी. काकांना मोबाइलमध्ये काही दिसत नव्हतं, मी सांगत होतो आणि ते मान हलवत होते. मग खाली शिरून टामी, म्हणजे लोखंडी पहार, लावली लोअर आर्मच्या (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) बॉडीकडच्या रबरी बुशला. रबर लोखंडापासून पूर्ण सुटलेलं. वरून धूळ आणि ग्रीसच्या थरात ते अखंड दिसत होतं.

आणि तिथं टिनाच्या शेडमध्ये, तापलेल्या जमिनीवर बसून मला पूर्ण गोष्ट एकदम समजली. जाम कॅलिपर डाव्या चाकाला सारखं मागं ओढायचं. फाटका बुश त्याला मागं जाऊ द्यायचा. चाक मागं गेलं की टो बिघडतो म्हणून आतली कड खाल्ली जाते, आणि त्या बाजूचा कास्टर कमी होतो म्हणून गाडी तिकडेच ओढते. आणि मी गाडी अलाइनमेंटच्या रॅम्पवर न्यायचो तेव्हा? तिथं गाडी उभी. ब्रेक नाही, ओढणारं कोणी नाही. बुश आपला शहाण्या पोरासारखा जागेवर. मशीन खोटं बोलत नव्हती, उभ्या गाडीचं चाक कुठं आहे एवढंच तिला माहीत, आणि ते ती बरोबर सांगत होती. रॅम्पवर चढवायच्या आधी खाली शिरून टामी लावायची, मग मशीन. पण दुकानात अलाइनमेंट दहा मिनिटात होते आणि टामी लावायला कपडे खराब होतात. मी पण त्या पोरांना खालून पाहा म्हटलं नव्हतं म्हणा, मला प्रिंट पाहिजे होती, त्यांनी प्रिंट दिली.

लोअर आर्म दोन्ही बाजूचे नवीन टाकले, उजव्याचा बुश पण तडकायला लागला होता, गाडी ९२ हजार चाललेली आणि त्यातली बहुतेक ओझ्याखाली, त्या बुशाचा काय दोष. फिटिंगच्या वेळी एक गोष्ट पाहिली जी बरेच जण करत नाहीत. आर्मचे बोल्ट जॅकवर असताना नुसते हातानं अडकवले, मग गाडी खाली चाकांवर उतरवली आणि तेव्हा कसले. जॅकवर चाक लटकलेलं असताना कसलं तर गाडी खाली बसल्यावर बुशाचं रबर कायमचं पिळलेलं राहते आणि लवकर फाटते. काकांनी वरून आमचे सहा भरलेले कॅन पण आत ठेवायला लावले. "गाडी जशी जगते तशी कसायची," म्हणे. हे कंपनीच्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही, पण मी काही बोललो नाही.

मग तिसऱ्यांदा अलाइनमेंट, यावेळी मी आणि ड्रायव्हर दोघं सोबत, काका रॅम्पच्या बाजूला स्टुलावर. सेटिंगच्या आधीचं रीडिंग मागितलं, जे आधीच्या दोन्ही दुकानांत मला कोणी दाखवलंच नव्हतं. डाव्या चाकाचा टो बाहेर, लाल. अर्थात असणारच, दोनदा सुटलेल्या बुशावर टो सेट झालेला, नवीन बुशावर तो चुकीचा निघाला. स्टेअरिंग मधात लॉक करून टाय रॉड फिरवून दोन्ही चाकांचा टो सारखा केला. कंपनीचे आकडे रिकाम्या गाडीचे असतात म्हणून सेटिंग रिकामीच केली, पण मग काकांनी दुकानातल्या पोराला कॅन चढवायला लावले आणि परत रीडिंग पाहिलं. तो पोरगा वैतागला, पाण्याचे कॅन घेऊन अलाइनमेंटला आलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणे. १५ कॅन चढवल्यावर आकडे हलले पण ग्रीनमध्येच राहिले. मात्र गाडी डावीकडे झुकलेली साध्या डोळ्यानं दिसत होती, आणि ते पाहून काकांनी ड्रायव्हरला विचारलं, "भरलेले कॅन तू कुठं ठेवत?"

डावीकडेच. डावीकडचं सरकतं दार रोडच्या कडेला उघडते, उतरवायला तिथून सोपं. आणि रिकामे झालेले कॅन तो उजव्या बाजूला फेकत जायचा. म्हणजे सकाळी निघाल्यापासून भरलेलं वजन सगळं डावीकडे आणि उजवीकडे नुसते रिकामे, आठ-आठ कॅनचा फरक, म्हणजे १६० किलो एका बाजूला. तीन वर्षं. आता मधात लोखंडी पाइप वेल्ड करून दोन रांगा केल्या, एक कॅन डावीकडून काढला की पुढचा उजवीकडून. पोट्टा कुरकुरते, उजवीकडचा कॅन काढायला वाकावं लागते म्हणून.

खर्चाचं विचाराल तर आर्म, पॅड, बूट, ग्रीस, तिसरी अलाइनमेंट आणि काकांची मजुरी मिळून पहिल्या दिवशी टायरवर घातले त्याहून कमीच लागले. आणि ते नवीन टायर चार हजार किलोमीटरात आतून खाल्लं गेलं ते आता स्टेपनीत आहे.

काल ९ हजार किलोमीटर पूर्ण झाले. दर रविवारी सकाळी मी प्लास्टिकचं डेप्थ गेज घेऊन स्टेअरिंग वळवून खाली वाकतो, आत, मधात, बाहेर, तिन्हीकडे मोजून वहीत लिहितो, बायको म्हणते देवपूजेला इतकं नेमानं बसला असता तर. डावं टायर तिन्हीकडे सारखं. उजव्याची बाहेरची कड अर्धा मिलिमीटर कमी आली. घाबरून काकांकडे गेलो तर त्यांनी तळहात फिरवला आणि म्हणे काही नाही, बेसाच्या वळणावर हा पोट्टा जोरात घेते. पोट्टा म्हणे मी नाही घेत, रोडच तसा आहे.